अण्णांचा नववा दिवस आणि शेजारच्या मुलाचा पाचवा आठवडा

आलेलं पत्र थोडक्यात असं:

"आम्ही धनकवडीला राहतो. वडील ७३ वर्षांचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. भोसरीत पस्तीस वर्षं फाउंड्रीत काम केलं, जोडीला बिडी. सहा-सात वर्षांपासून पंप ओढतात, डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार. या पावसाळ्यात छाती भरली, न्यूमोनिया झाला. आधी मास्कचं मशीन लावलं होतं, पण रात्री ते पेंगायला लागले आणि अडीच वाजता माझी सही घेऊन घशात व्हेंटिलेटरची नळी घातली. आज नववा दिवस. परवा आणि काल 'ट्रायल फेल' झाली म्हणाले. आता गळ्याला भोक पाडायचं म्हणतात, उद्याच. धाकटा भाऊ चिंचवडला असतो. त्याचे सासरे २०२१ च्या एप्रिलमध्ये व्हेंटिलेटरवरच गेले. तो म्हणतो, ताई, तू सही करायलाच नको होतीस, हे लोक बिलासाठी ठेवतात, अण्णा आता त्यात नाहीत. आत्याही तेच म्हणते. खरंच अण्णांना हाका मारल्या तरी ते ओ देत नाहीत. समोरच्या कॉटवर बायपासचे काका आले, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा पीत होते. शेजारच्या कॉटवर धायरीचा एकवीस वर्षांचा मुलगा आहे, त्याला हातापायांचा लकवा आहे, त्याचा पाचवा आठवडा चालू आहे आणि त्याची आई मलाच धीर देते. कुणी एका रात्रीत सुटतं, कुणी महिना काढतं. आमचं काय होणार, हे कुणी सरळ सांगत नाही. मी चुकले का?"

प्रिय ताई,

पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला, कारण सदर येईपर्यंत थांबण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. तुम्ही जिन्यात उभ्या होतात, मागून सारखा लिफ्टचा आवाज येत होता, बोलणं घाईत झालं. आता सावकाश लिहिते. तुमच्या परवानगीनंच इथे देते आहे, कारण अशी पत्रं महिना-दोन महिन्यांनी एखादं येतंच. पेठ बदलते, नातं बदलतं, प्रश्न तोच असतो.

मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या वेगवेगळ्या आयसीयूंत एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून. तेव्हा अमुक औषध बंद करा, तमुक चालू करा, असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण व्हेंटिलेटरच्या कॉटपाशी डॉक्टर दिवसातून तीन-चार वेळा येतो आणि सिस्टर अख्खी ड्यूटी तिथे असते. कॉटच्या पायथ्याशी तो मोठा चार्ट अडकवलेला असतो ना, त्यातला दर तासाचा आकडा आमच्याच हातचा.

आधी सहीचं बोलू. सीओपीडीचा पेशंट धापा टाकता टाकता एकदम शांत पडला की नातेवाईक म्हणतात, बरं झालं, डोळा लागला. आमच्या पोटात मात्र गोळा येतो. ती झोप नसते. फुफ्फुसातून बाहेर पडायला हवा तो कार्बन डायऑक्साइड साठून मेंदूवर चढलेला असतो, आणि इतके तास धापा टाकून छातीचे स्नायू थकलेले असतात. मास्कचं मशीन, म्हणजे बायपॅप, आधी लावलं ते योग्यच केलं. सीओपीडीत नळी टाळायचा तो सगळ्यात चांगला उपाय, आणि बऱ्याच जणांची नळी त्यानं टळतेही. पण पेशंट शुद्धीवर नसेल तर मास्कवर भरवसा ठेवता येत नाही. त्या वेळी नळी घातली नसती तर अण्णांची सकाळ झाली असती का, याची मला शंका आहे. तुम्ही सही केलीत म्हणून आज हे पत्र लिहिण्याइतका वेळ हातात आहे. भावाला हे माझ्या नावानं सांगा हवं तर.

आता त्या तीन कॉट. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलं ते हे, की तुम्ही आजूबाजूला नीट बघितलंत. बहुतेक नातेवाईक फक्त आपल्या माणसाचा मॉनिटर बघतात.

बायपासच्या काकांची फुफ्फुसं धडधाकट होती. भूल दिलेली, छाती उघडलेली, म्हणून यंत्राकडे श्वास सोपवला होता. भूल उतरली, अंग गरम झालं, रक्तदाब स्थिर झाला, नळी काढली. हे काही तासांचं काम. त्यांच्याशी अण्णांची तुलना करून स्वतःला त्रास करून घेऊ नका, ते वेगळ्याच गावचे पाहुणे.

धायरीच्या त्या मुलाला जीबीएस, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम, असणार. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या पट्ट्यात त्याची साथ आली होती, दोनशेहून जास्त रुग्ण झाले आणि अख्खं पुणे पाणी उकळून पिऊ लागलं. आताही तुरळक रुग्ण येतातच. त्यात पोटाच्या जंतुसंसर्गानंतर शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. पायांतून सुरू होतं, हातांत चढतं, आणि साधारण चार-पाच जणांतल्या एकाच्या श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतं. त्या मुलाची फुफ्फुसं उत्तम आहेत, भाता चालवणारे हात तेवढे झोपलेत. नसांवरचं आवरण पुन्हा भरून यायला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून त्याचा पाचवा आठवडा म्हणजे काही बिघडलंय असं नाही. त्याची आई तुम्हाला धीर देते, कारण तिला कुणीतरी हे नीट समजावून सांगितलंय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढाच फरक.

या यंत्रांची सुरुवातच अशा लुळ्या पडलेल्या स्नायूंपायी झाली. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, श्वास बंद पडलेल्या मुलांनी वॉर्ड भरले आणि यंत्रं मोजकीच. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं गळ्याला छिद्र पाडून त्यातून हातानं फुगा दाबून हवा द्यायची पद्धत काढली, आणि वैद्यकीय कॉलेजची सुमारे दीड हजार पोरं पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे फुगे दाबत बसली. मी हे वाचलं तेव्हा माझं मनगट आपोआप दुखलं. नव्वदच्या दशकात एका छोट्या हॉस्पिटलात रात्री लाइट गेली, जनरेटर काही केल्या चालू होईना, आणि मी आणि एक वॉर्डबॉय आळीपाळीनं एका आजोबांचा अँब्यू फुगा दाबत होतो. पावणेदोन तास. तेव्हा समजतं की व्हेंटिलेटर म्हणजे मुळात न थकणारा एक हात. न्यूमोनिया बरा करायचं काम अँटिबायोटिकचं आणि शरीराचं. हा हात फक्त तोवर दाबत राहतो.

अण्णांचं दुखणं या दोघांहून अवघड, कारण त्यांची फुफ्फुसंही जुनी आणि स्नायूही थकलेले. सीओपीडीत हवा आत जाते, बाहेर निघायला वेळ घेते. यंत्रानं घाईघाईत श्वास दिले तर आधीची हवा आत असतानाच पुढची जाते, छाती फुगत राहते. म्हणून त्यांचे श्वास मिनिटाला कमी ठेवतात आणि सोडायला जास्त वेळ देतात. तुम्ही फोनवर विचारलंत ना, शेजारच्या मशीनपेक्षा अण्णांचं मशीन हळू का चालतं? म्हणून. हेळसांड नव्हे.

एक जुनी मोजणी सांगते. १९९८ च्या मार्चमध्ये २० देशांतल्या ३६१ आयसीयूंनी महिनाभर नोंद ठेवली. १५,७५७ पेशंट आले, त्यांतल्या ५,१८३ जणांना, म्हणजे तिघांतल्या एकाला, बारा तासांहून जास्त व्हेंटिलेटर लागला. सरासरी सहा दिवस. आयसीयूत दगावले ते शंभरातले ३१. पण आजाराप्रमाणे बघितलं तर सीओपीडीमुळे लावलेल्यांत २२, आणि एआरडीएस नावाच्या, दोन्ही फुफ्फुसं पाण्यानं भरून घट्ट होणाऱ्या आजारात ५२. बारा वर्षांनी, २०१० मध्ये, पुन्हा मोजलं तेव्हा ३१ चे २८ झाले होते. यंत्र सगळीकडे तेच, आजार निरनिराळे. हे आकडे पुण्याचे नाहीत, अण्णांचे तर नाहीतच. त्यांना न्यूमोनियाही आहे आणि वय ७३ आहे, त्यामुळे बाविसावर विसंबून राहू नका. पण भावाला दाखवा. त्याच्या डोक्यात २०२१ चा एप्रिल आहे. त्याच्या सासऱ्यांना झाला तो कोविडचा न्यूमोनिया त्या बावन्नवाल्या घरातला, शिवाय तेव्हा पुण्यात व्हेंटिलेटरची कॉट मिळवायला लोक रात्र रात्र फोन फिरवत होते, वेळ निघून गेल्यावर कॉट मिळायची. 'मशीनवर गेला तो परत आला नाही' हे वाक्य या शहरानं तेव्हा घराघरात ऐकलंय. तुमच्या भावाचं ते दुःख खरं आहे. पण तो ते अण्णांच्या कॉटवर आणून ठेवतोय.

मग विचारायचं काय? 'कसे आहेत?' असं विचारलंत तर 'क्रिटिकल पण स्टेबल' हेच उत्तर मिळणार, मीही हजार वेळा दिलंय. त्याऐवजी तीन आकडे रोज ठरलेल्या वेळी विचारा आणि घरच्या वहीत लिहा. ऑक्सिजन किती टक्के चालू आहे? आपण बाहेर २१ टक्क्यांवर जगतो, अण्णांचा पहिल्या दिवशी ७० होता, आता ४० आहे, असं तुम्ही सांगितलंत. मग पीप किती? श्वास सोडल्यावरही फुफ्फुस पूर्ण मिटू नये म्हणून ठेवलेला दाब तो. आणि रक्तदाब टिकवायचं औषध, ज्याला सगळे नॉरऍड म्हणतात, ते चालू आहे का, असेल तर कालच्यापेक्षा वाढलं की उतरलं. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, चार दिवसांचे ओळीनं मांडले की उतार आहे की चढ, हे तुम्हालाच दिसेल. अण्णांचा ऑक्सिजन उतरलाय, नॉरऍड चौथ्या दिवशीच बंद झालंय. म्हणजे न्यूमोनिया मागे हटतोय. अडलंय ते श्वासाच्या ताकदीपाशी.

आणि 'ट्रायल फेल' या शब्दांनी खचू नका. ही दहावीची परीक्षा नव्हे. सकाळी गुंगीचं औषध थांबवतात, पेशंट जागा झाला की यंत्राची मदत अगदी कमी करून अर्धा तास ते दोन तास स्वतःच्या दमावर ठेवतात आणि आम्ही कॉटपाशी उभं राहून बघतो. श्वास मिनिटाला पस्तीसच्या वर गेले, कपाळावर घाम आला, मानेचे स्नायू ओढू लागले, की पुन्हा मदत चालू. त्या दिवसापुरतं कळतं की अजून वेळ आहे. साधारण दहातले सात पेशंट पहिल्या प्रयत्नातच सुटतात. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना दोन-तीन प्रयत्न आणि आठवडाभर लागतो. थोडे त्याहून लांबतात, त्यांत सीओपीडीवाले हमखास असतात. तुम्ही विचारायचं ते हे: किती मिनिटं टिकले आणि थांबवलं कशामुळे? परवा बारा मिनिटं आणि काल चाळीस, हे तुम्हाला तिथल्या सिस्टरनं सांगितलं होतं. डॉक्टरांच्या तोंडून दोन्ही दिवशी 'फेल' एवढंच ऐकलंत. मला विचाराल तर बारा आणि चाळीस यांत खूप अंतर आहे.

गळ्याच्या छिद्राचं, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीचं. लोकांना ती शिक्षा वाटते, कारण दिसायला भयंकर. खरं तर तोंडातल्या नळीपेक्षा ती पेशंटला सोसवते. गुंगी कमी लागते, तोंड मोकळं राहतं, थुंकी काढायला सोपं, खुर्चीत बसवता येतं, पुढे वेगळी झडप लावून बोलताही येतं. गरज संपली की नळी काढतात आणि छिद्र बहुधा काही दिवसांत आपोआप मिटतं. मी कित्येक जण बघितलेत, जे नंतर भेटायला आले आणि कॉलरच्या वरची ती बोटभर खूण दाखवून गेले.

पण 'उद्याच' का? इंग्लंडमध्ये २०१३ साली एका मोठ्या अभ्यासाचं उत्तर आलं. एका गटाला पहिल्या चार दिवसांत छिद्र पाडलं, दुसऱ्याला दहा दिवस थांबून, लागलं तरच. मरणाच्या प्रमाणात फरक काही पडला नाही. आणि थांबलेल्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना छिद्र पाडलंच गेलं नाही. तेव्हा अण्णा चाळीस मिनिटं टिकू लागले असतील तर 'डॉक्टर, आणखी दोन-तीन दिवस ट्रायल देऊन बघायची का?' हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि चांगला डॉक्टर त्यावर चिडणार नाही. त्यांच्याकडे घाईचं कारण असेल, उदाहरणार्थ थुंकी फार घट्ट आणि खोकला अजिबात नाही, तर ते सांगतील. कारण पटलं तर बिनधास्त होकार द्या.

आता बिल. 'मेलेल्या माणसाला मशीनवर ठेवतात' हे मी रिक्षावाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. हृदय थांबलं की व्हेंटिलेटर छाती हलवत राहील, पण काही तासांत अंग गार पडतं, कडक होतं, रंग बदलतो. हात लावणाऱ्या कुणालाही ते कळतं. तुम्ही रोज अण्णांचा हात धरता, तो गरम आहे, लघवीची पिशवी भरते आहे. मेंदू मृत होणं ही वेगळी गोष्ट, तिच्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासण्या करतं. चाळीस मिनिटं स्वतः श्वास घेणाऱ्या माणसाला त्यातलं काहीही लागू होत नाही.

तरी पैशांचा संशय मी उडवून लावणार नाही. एका ठिकाणी (नाव घेत नाही) दुपारी तपासणी झालेली असायची आणि संध्याकाळी कारण नसताना तीच पुन्हा लिहिलेली असायची. रक्त काढताना मलाच लाज वाटायची. म्हणून रोजचं बिल बाबवार मागा, शेवटी एकदम नको. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर २० टक्के खाटा गरिबांसाठी राखीव असतात: दहा टक्के निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर पहिल्यात, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुसऱ्यात. समाजसेवा अधिकाऱ्याच्या खिडकीशी जाऊन तहसीलदाराचा दाखला आणि रेशन कार्ड द्यायचं. तो 'खाटा भरल्यात' म्हणेल, लेखी मागा. महात्मा फुले योजनेत हे हॉस्पिटल येतं का, तेही तिथेच विचारा. आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं असेल तर केसपेपरची प्रत मागा, मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यायची असा नियम आहे. हे काम चिंचवडच्या भावाला द्या. त्याच्या रागाला काहीतरी उद्योग हवाय. शिवाय रोज चार्टवरची नॉरऍडची ओळ आणि बिलातली ओळ जुळवून बघणारा माणूस डॉक्टरांशी आपोआप मुद्द्याचं बोलायला लागतो.

त्याचा दुसरा मुद्दा, 'अण्णांना सोडवूया', तो मात्र नीट बसून बोलण्याचा आहे. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की सुधारण्याची आशा नसलेल्या माणसाला कृत्रिम उपायांवर ताणत ठेवू नये, हा त्याचा हक्क आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन अनुभवी तज्ज्ञ अशा मंडळाचं मत लागतं, मग दुसऱ्या मंडळाचं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. माणूस धडधाकट असताना दोन साक्षीदार आणि नोटरीपुढे आपली इच्छा लिहूनही ठेवता येते. माझी मी लिहून ठेवली आहे, कपाटात, गॅसच्या पुस्तकाशेजारी.

पण आशा संपलेल्यांसाठीचा हा रस्ता आहे, आणि ऑक्सिजन ७० वरून ४० वर आलेला माणूस आज तरी त्या रस्त्यावर नाही. डॉक्टरांना सांगा, आपण मुदत ठरवू: आणखी आठ दिवस सगळं करू, त्या दिवशी सगळे एकत्र बसू, आत्याही. तोवर अण्णा काय म्हणायचे ते तुम्ही भावंडं आठवा. कुणाच्या मयतीहून येताना, टीव्हीवरची बातमी बघताना, काही ना काही बोलले असतील. तुम्हाला काय सोसवेल यापेक्षा ते महत्त्वाचं. 'आमच्या जबाबदारीवर घरी नेतो' असं लिहून तोंडातल्या नळीसकट अँब्युलन्समध्ये घालून कुणी नेऊ नका. दोनदा मी अशा गाडीबरोबर गेले आहे. दाराशी गाडी थांबल्यावर फुगा कुणी दाबायचा थांबवायचा यावर दोन जावयांची बाचाबाची झाली होती. वर्णन इतकंच पुरे.

आता तुमच्या दहा मिनिटांच्या भेटीबद्दल, ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय.

नातेवाईकांना आयसीयूत जे दिसतं त्यातलं निम्मं उलटं दिसतं. एकदा मी कॉटवरच्या पेशंटची उंची शिंप्याच्या फितीनं मोजत होते, डोक्यापासून टाचेपर्यंत. काचेतून ते बघून त्याच्या आजीनं हंबरडा फोडला. तिला वाटलं, तिरडीचं माप. वास्तविक फुफ्फुसाचा आकार उंचीवर असतो, वजनावर नाही, आणि यंत्रानं एका श्वासाला किती हवा द्यायची ते उंचीवरून काढतात. आधी दुप्पट हवा देत असत. २००० साली अमेरिकेतल्या अभ्यासानं दाखवलं की हवा निम्मी केली तर एआरडीएसमध्ये शंभरातले चाळीस मरत होते त्यांचे एकतीस होतात. त्या आजीला हे सांगायला आम्ही कुणी गेलोच नाही. ती माझी चूक, अजून सलते.

आणि एक शुक्रवार पेठेतले छापखान्यातले गृहस्थ. नळी तोंडात, हात बांधलेले, कारण नळी ओढायचे. दोन दिवस नुसती तडफड. आम्ही विचारायचो: दुखतंय? पाणी? कूस बदलू? मान सारखी 'नाही, नाही'. चार्टवर लिहिलं, 'गोंधळलेला'. तिसऱ्या रात्री मी एक हात सोडला, एक्सरेचं पाकीट पुढे धरलं आणि जाड मार्कर दिला. वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'चष्मा'. माणूस दोन दिवस छताकडे बघत होता आणि त्याला धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. बायको चष्मा घेऊन आली, हातांच्या पट्ट्या त्याच दिवशी सुटल्या. अर्थात एकट्या चष्म्यानं ते बरे झाले असं मी म्हणत नाही, गुंगीही उतरत आली होती. पण तेव्हापासून माझ्या वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकाला मी पहिला प्रश्न तोच विचारत आले.

तर, भेटीला गेलात की रडत 'अण्णा, डोळे उघडा' म्हणू नका. समोर या, त्यांना दिसेल असं उभं राहा, आज वार कोणता, वाजले किती, पाऊस आहे की उघडलाय, ते सांगा. नळी आहे म्हणून बोलता येत नाही, आवाज गेलेला नाही, हेही सांगा, दर वेळी. डोक्याकडची बाजू तीसेक अंश वर आहे ना, तोंड पुसलंय ना, बघा, नसेल तर सिस्टरला गोड बोलून सांगा. फिजिओथेरपिस्ट दिवसातून किती वेळा येतो ते विचारा.

फोनवर मी तुम्हाला विचारलं होतं, हाका मारल्या तर ओ देत नाहीत म्हणता, पण अण्णांना एरवी ऐकू कसं येतं? तुम्ही म्हणालात, फाउंड्रीमुळे कान गेलेतच, मशीन आहे ना. मग मी विचारलं, ते मशीन आत्ता कुठे आहे? बराच वेळ नुसता लिफ्टचा आवाज. मग तुम्ही म्हणालात, "पहिल्या रात्री सिस्टरनी अंगठी, कवळी आणि ते पिशवीत घालून आमच्याकडे दिलं. घरी आहे. फ्रिजवर."

रात्री सव्वाअकराला तुमचा मेसेज आला. त्यात एवढंच होतं: "सेल मिळाले. ३१२ नंबरचे. सकाळी अकराच्या भेटीला भाऊ घेऊन येतोय."